मुहूर्ताची गाडी

नेरच्या कापसाच्या जिनिंगचे मालक पंजाबराव, पण काटाघरात राज्य गझालाचं. गाडी काट्यावर चढली की ती खिडकीतून अशी ओरडायची, "उतरा ना भाऊ खाली! कापूस तोलाचा हाय, तुमाले नाही!" की बैलसुद्धा दचकून कान टवकारायचे. काट्याच्या यंत्रातून एक जाड केबल तिच्या कॉम्प्युटरच्या पाठीत शिरायची. आकडा स्थिरावला की गझाला बटण दाबायची. आधी भरल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं, आणि मधला फरक तो कापूस. मग छपाईयंत्र करकर करत चिठ्ठी बाहेर टाकायचं.

त्या साली पंजाबरावांचा भाचा अवधूत पुण्याहून शिकून आला आणि यवतमाळच्या मुख्य ऑफिसात बसला. येताना त्यानं साबणाच्या वडीएवढा एक डबा आणला. काट्याची केबल कॉम्प्युटरमधून उपटून त्यानं या डब्यात खुपसली, छपाईयंत्राची केबलही त्यातच खुपसली आणि डब्याला इंटरनेटची वायर जोडली. आता नेरचा काटा यवतमाळच्या कॉम्प्युटरला असा दिसायचा, जणू त्याच टेबलाखाली ठेवलाय. डबा खरंच गुणी होता, आणि गझालाचं त्याच्याशी काही वैर नव्हतं. पण त्याची एक खोड होती. केबल जिथं खुपसली तो पोर्ट एका वेळी एकाचाच. यवतमाळनं तो उघडला की गझालाच्या पडद्यावर यायचं, 'पोर्ट व्यस्त'.

म्हणजे पोर्ट कामात आणि गझाला रिकामी. हंगामाच्या खरेदीचा मुहूर्त झाला की तिनं मुकुटबनच्या नव्या जिनिंगवर जावं, असा हुकूम निघाला. तिथल्या काट्यालाही लवकरच असाच डबा लागणार, म्हणून काट्याऐवजी गोदामाकडे बघ म्हणे! मुकुटबन म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. तिची अम्मी, सुग्राबी, डोळ्यांनी अधू. तिनं नेर सोडायला साफ नकार दिला. आईला अशी एकटी टाकून जायचं, या विचारानं गझालाला रडू आलं, आणि रडून झाल्यावर भयंकर राग आला.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी अवधूतनं फोनवरून नियम सांगितला. "हे बघा, उद्यापासून नेरवाल्यांनी मधे तोंड घालायचं नाही. काट्यावरची आरडाओरड बंद. सिस्टीम सगळं बघून घेते."

"बरं भाऊ," गझाला म्हणाली. तिला ओळखणाऱ्या कोणीही त्या 'बरं'ला घाबरायला हवं होतं, पण अवधूत तिला ओळखत नव्हता.

मुहूर्ताची पहिली गाडी धनसिंगची. बोंडअळीनं त्या साली सगळ्यांचीच पऱ्हाटी खाल्ली होती आणि गाड्या हलक्याच भरल्या होत्या. धनसिंगचीही हलकीच, पण पहिली गाडी म्हणून तिला हार घातला होता. नेरच्या जिनिंगची रीत अशी, की पहिल्या गाडीची पूजा काट्यावरच व्हायची. पंजाबराव फेटा बांधून काट्यावर चढले. भटजी चढले. मुनीम नीळकंठ ताट घेऊन चढले. धनसिंग बैलांपाशी होताच. पंजाबराव म्हणजे काही साधंसुधं वजन नाही. ते चढले तेव्हा खिडकीवरचे लाल आकडे टुणकन उडी मारून पुढं गेले.

गझालाच्या जिभेच्या टोकाशी ती आरोळी आली. दर वर्षी याच वेळी ती मालकांनाही खाली उतरवायची. या वर्षी तिनं ओढणीचं टोक दातात धरलं आणि गप्प राहिली. 

आरती संपली. सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले, कोणी हललं नाही, आणि आकडा थरथरायचा थांबला. तिकडं यवतमाळात अवधूतला स्थिर आकडा दिसला. त्यानं बटण दाबलं.

मग नारळ फुटला, मंडळी पेढे खात खाली उतरली, गाडी रिकामी होऊन परत काट्यावर आली आणि या खेपेला तिच्यापाशी एकटा धनसिंग होता. छपाईयंत्र कोणाचा हात न लागता करकरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंजाबरावांनी मोठ्या ऐटीत चिठ्ठी उचलली, चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली.

"धनसिंग, गाडी एक. शेरा... यंदाच्या पिकाच्या मानानं वजन संशयास्पद. पाणी मारलेला कापूस. ओला म्हणून घट कापली."

"पाणी?" धनसिंग उसळला. "मालक, प्याले पाणी नाही गावात, कापसाले कुठून मारू?"

पंजाबरावांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला. कापूस कोरडा ठणठणीत. धनसिंगनं चिठ्ठीवरचं वजन विचारलं आणि त्याचा चेहराच पडला. "एवढा कापूस तं माह्या अख्ख्या वावरात नाही पिकला, मालक."

"मंग हा आला कुठून?"

पंजाबरावांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. शेवटी नीळकंठ मुनीम घसा खाकरत म्हणाले, "मालक, तवा काट्यावर आपण होतो. तुमी, मी अन् भटजी."

भटजींचा पेढा हातातच राहिला. मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळं आवार हसायला लागलं. पंजाबरावांनी खिशातून मोबाइल काढला.

"हॅलो, कोण बोलतंय?" यवतमाळहून अवधूत म्हणाला.

"तू ज्याले ओला म्हणून कापलं ना, तो कापूस बोलून राह्यला!"

अवधूतला समजायला वेळ लागला. समजल्यावर तो घाईघाईनं म्हणाला, "मामा, तिथं एक कॅमेरा लावू."

"कॅमेरा उतरा म्हणून बोंबलते काय? आता आयक. डबा राहू दे, डबा चांगला हाय. मुकुटबनलेही लाव. तिथला काटा गझाला इथं नेरात बसून चालवन. अन् तू मुकुटबनले जाय, काट्यापाशी उनात उभा राह्य अन् लोकायले खाली उतरव."

फोन खिशात टाकून ते खिडकीपाशी आले. "अन् तू वं? मी वर उभा हाओ, हे तुले दिसत नव्हतं?"

"दिसत होतं, मालक."

"मंग आवाज काहून नाही देला?"

"मधे तोंड घालाचं नाही, असं भाऊनं सांगतलं होतं."

पंजाबरावांनी रागवायचा मनापासून प्रयत्न केला. मिशा फुरफुरल्या, पण हसूच फुटलं. गझालालाही हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. आता अम्मीला सोडून कुठंच जावं लागणार नव्हतं. तिनं ओढणीनं डोळे पुसून खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पुढची गाडी काट्यावर चढत होती. ती तोंड उघडायच्या आत पंजाबराव स्वतःच काट्यापासून चार हात लांब सरकले.