स्विचखालच्या चपला

दुसऱ्याची वस्तू अस्ताव्यस्त पडलेली दिसली की पार्बताबाईचे हात शिवशिवायचे. अकोल्याच्या त्या जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचण्यात तिची अर्धी हयात गेली होती, आणि एवढ्या काळात मशीनला हात घालणारी बाई तिनं एकच पाहिली, पायल. आयटीआय करून फिटर झालेली ही नांदगाव खंडेश्वरची पोर पहिल्यांदा आली, तेव्हा गडी तोंड दाबून हसले होते. पार्बताबाईनं तिला आपल्या डब्यातली भाकर दिली नि सांगितलं, "भिऊ नको, आमी आहो."

आज कापसापासून सरकी सोडवणाऱ्या जिनांखालून ती वाहून नेणारा लांब लोखंडी स्क्रू अडकला, म्हणून पायल त्याच्या नालीत उतरली. शेजारची लाइन चालूच होती. पार्बताबाई पाणी प्यायला उठली तर स्विचखाली पायलच्या चपला, गड्यांच्या येण्याजाण्यात. कोणी तुडवेल, म्हणून तिनं त्या उचलून बायांच्या चपलांत नीट लावल्या आणि समाधानानं कामाला बसली.

थोड्या वेळानं स्विचवर असणारा चंद्रभान तिच्यासमोरच मुकादमाच्या कानाशी ओरडला, "चपला नाहीत. म्हंजे पोरगी निघाली बाहेर. लावतो आता मशीन." आणि तो स्विचकडं निघाला.

मशीनमध्ये उतरणाऱ्यानं स्विचखाली चपला सोडायच्या, हा मशीनवाल्यांचा रिवाज. वेचणाऱ्या बायांना तो कोणी कधी सांगितलाच नव्हता. पार्बताबाईला तो आत्ता, चंद्रभानच्या बोलण्यातून कळला.

"चंद्रभानभाऊ! थांबा!"

जिनांच्या घरघरीत तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. ती धावली. लुगडं पायात आलं, गुडघा फुटला, तरी उठली. चंद्रभानचं बोट बटनापाशी पोचलं होतं. तिनं त्याच्या हाताला अक्षरशः लोंबकळून तो खाली ओढला.

"मरते का बाई?"

"आत पोर हाय!"

चंद्रभानचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच्या हाका ऐकून पायल नालीतून वर आली, कोपरापर्यंत ग्रीस माखलेली. मुकादम मोतीराम तिच्यावरच उखडला. "चपला कावून नाही ठेवल्या? म्हणूनच म्हणतो, हे बायांचं काम नोहे. उद्यापासून येऊ नको."

"ठेवल्या होत्या मी."

"मंग पाय फुटले का त्याइले?"

पायलनं सगळ्यांकडं पाहिलं. कोणाचाच विश्वास नव्हता. बोललं तर आपली रोजी जाईल, हे भय पार्बताबाईला होतंच. पण त्याहून या पोरीच्या नजरेचं भय जास्त होतं.

"म्या उचलल्या," ती म्हणाली. "गड्याइच्या पायात येतील म्हणून. तिची चूक नाही."

मोतीरामनं 'येऊ नको'चं पुन्हा नाव काढलं नाही. पायल तिच्याकडं वळली.

"मावशी, हात लावाच्या आधी मले इचारलं कावून नाही?"

आपल्याच मायेची पार्बताबाईला शिसारी आली.

पायलनं पाना उचलला. "स्क्रू अजून अडकेल हाय," म्हणाली, आणि पुन्हा आत उतरली.

आजवर तिला "ए पोरी" म्हणणारा चंद्रभान नालीवर वाकला. "पायल, तू सांगतल्याबिगर मी लावत नाही!"

आतून पान्याचे ठोके ऐकू यायला लागले, तशी पार्बताबाई तिथंच खाली बसली आणि हमसून हमसून रडली.