फाटकाबाहेरची बायजा

दर गुरुवारी आमच्या शाळेत प्रार्थनेनंतर मुलं बातम्या वाचतात. चौथीतली चार मुलं वार्ताहर असतात, छातीवर पुठ्ठ्याचा बिल्ला लावून. बातम्या आपल्याच. कोणाकडे वासरू झालं, नाताळच्या देखाव्याला कुठल्या वर्गाने पेंढा आणला, कोणता नळ गळतो. नियम मी एकच घालून दिलेला आहे : डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं. ऐकीव नको.

त्या गुरुवारी दिशाने माइक दोन्ही हातांत घट्ट धरला आणि वाचलं, "आपल्या शाळेच्या मागच्या भिंतीपाशी एक आजी येऊन उभी राहते. तिच्याकडे पोतं असतं. ती पहिलीच्या मुलांना भिंतीच्या भोकातून खाऊ देते. हे मी स्वतः पाहिलं आहे."

ही बातमी मी आदल्या दिवशी तपासली होती. खरी होती, म्हणून राहू दिली. ती आजी कोण, हेही मला ठाऊक होतं. बायजा, पेणच्या डोंगराकडच्या आदिवासी वाडीतली. तिची नात सरू सिस्टरांच्या वसतिगृहात राहून पहिलीत शिकते. भेटीचा दिवस महिन्यातला एक रविवार, पण बायजाला तेवढा धीर निघत नाही. करांदे, म्हणजे रानातले कंद, उकडून विकायला रोह्याला आली की ती भिंतीशी येते. आत ये म्हटलं तर म्हणते, "नको गो बाय. सिस्टर रागावली न् पोरीला घरी धाडली तर?"

प्रार्थनेच्या वेळी फाटकाशी काही आया थांबतात. आपली लेक वाचताना कोणीतरी मोबाइलवर टिपून घेते, ग्रुपवर टाकते. त्यात कधी काही वावगं झालं नव्हतं.

मधल्या सुट्टीत दुसरीच्या अनिता टीचरने तिचा मोबाइल माझ्यापुढे धरला. "नूतन, हा आवाज ऐक. आपली दिशाच ना ही?"

दिशाच होती. खाली मजकूर कोणीतरी भलताच जोडला होता. 'वरसे, रोहा परिसरात मुलं पळवणारी बाई. पोत्यात घालून नेते. खाऊत गुंगीचं औषध. शाळेनेच जाहीर केलंय.' आणि तो कुठून कुठून फिरून परत आमच्याच पालकांच्या ग्रुपवर आला होता.

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. सकाळी एसटी स्टँडवर उतरले तेव्हा मी बायजाला पाहिलं होतं. पोतं शेजारी ठेवून ती पान लावत होती. म्हणजे आज ती येणार.

मी मागच्या भिंतीकडे धावले. कोणी नव्हतं. भिंतीपलीकडून मोटरसायकली जात होत्या, एकामागे एक, पुढच्या फाटकाच्या दिशेने.

मुख्याध्यापिका सिस्टर बेनेडिक्टांनी तोवर पोलिसांना फोन केला होता आणि वॉचमन दिनानाथला फाटकाला कुलूप घालायला सांगितलं होतं. बाहेर गलका वाढत होता. बायजा भिंतीपाशी आली असताना लोकांनी तिला हटकलं, ती भ्याली आणि पळत आसऱ्याला फाटकाशी आली; फाटक बंद. आता ती गजांना पाठ टेकून उभी होती. पोतं दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं. ते तसं धरलेलं बघून तर लोकांना आणखीच संशय.

"सिस्टर, तिला आत घेऊ या."

"फाटक उघडलं तर सगळेच आत येतील," सिस्टर म्हणाल्या. त्यांची बोटं कमरेच्या जपमाळेवर होती, पण मणी पुढे सरकत नव्हते. "आत एवढी मुलं आहेत, नूतन."

त्यांचं चुकत नव्हतं. तेच तर भयंकर होतं.

वॉचमनच्या चौकीला लागून एक लहान दार आहे. मी दिनानाथला म्हटलं, "मला बाहेर सोड."

"म्याडम, तुमचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचत नाय," तो म्हणाला. "ह्यांच्यापुढे काय बोलणार?" तरी त्याने कडी काढली, आणि मी बाहेर पडताच आतून लावून घेतली. ती कडी लागल्याचा आवाज मला ऐकू आला.

बाहेर सगळे ओळखीचे होते. अनोळखी असते तर बरं, असं वाटलं. पुढे साईराज, ज्याचा मुलगा माझ्याच वर्गात, हातात हेल्मेट. बाजूला लतिका, वरसे गावातल्या नव्या बिल्डिंगमधली. संध्याकाळी तिच्याकडे मी हळदीकुंकवाला जाणार होते.

"मिस, बाजूला व्हा," साईराज म्हणाला. "तुमच्याच शाळेने सांगितलं ना?"

"शाळेने एक आजी म्हटलं. ही सरूची आजी आहे. वसतिगृहातल्या सरूची."

"मग आणा पोरीला. ओळखू दे."

"व्हय, पोरीलाच विचारा," मागून कोणीतरी.

मी नको म्हणायच्या आत वरच्या गॅलरीत सिस्टर सरूला घेऊन आल्या. त्यांना वाटलं, एका शब्दात मिटेल. सिस्टरांनी वाकून विचारलं. सरूने खाली बघितलं. आजीकडे बघितलं की आजीभोवतीच्या माणसांकडे, देव जाणे. तिने तोंड सिस्टरांच्या झग्यात लपवलं आणि मान हलवली. नाही.

"नाय म्हणते पोरगी."

गर्दीतलं कोणीतरी हे फार हळू म्हणालं. मग मागून रेटा आला. बायजाचा पदर कोणाच्यातरी हातात गेला, हेल्मेट तिच्या कपाळावर लागलं की तीच फाटकावर आदळली, कळलं नाही. पोतं फाटलं आणि उकडलेले करांदे रस्त्यावर घरंगळले. काळपट, मातकट.

"हेच ते. गुंगीचं."

"करांदे हायत रे ते," एक म्हातारा म्हणाला. "कधी बघितले नायस? फ्लॅटवाल्यांना ब्रेडच ठाव."

"करांदेच असतील, आजोबा. आत काय भरलंय ते तुम्ही सांगणार?"

मी खाली बसले. समोर करांदा होता. मी तो उचलला, नखाने साल काढली.

"नूतन मिस," लतिका म्हणाली, "आज गुरुवार आहे."

मार्गशीर्षातला गुरुवार. संध्याकाळी घटाची पूजा आणि कहाणी होईपर्यंत मी तोंडात पाणीही घेत नाही. त्या रस्त्यावरच्या निम्म्या बायका उपाशी होत्या, त्यांना मी काय करतेय ते पुरतं कळत होतं. मी महालक्ष्मीचं नाव घेतलं आणि करांदा खाल्ला.

कडू होता. करांदा कडवटच असतो, पण इतका? कोरड्या घशातून घास उतरेना. मी बायजाला ओळखत होते, तिच्या हातचे करांदे पूर्वी खाल्ले होते, आणि तरी माझ्याच अंगात कुठे बधिरपणा येतोय का, हे मी चाचपत होते. मग दुसरा खाल्ला. बायजा माझ्यामागे फाटकाशी टेकून खाली बसली होती. तिचा घोटा मी हातात धरून ठेवला.

लोक थांबले. शहाणे झाले म्हणून नव्हे. मी पडते का ते बघायला.

"लगेच नसतं चढत," कोणीतरी म्हणालं.

"किती वेळ लागतो?"

"अर्धा तास बघू."

एकजण खरंच घड्याळ बघून उभा राहिला. दोघा-तिघांनी मोबाइल वर धरले. ऊन डोक्यावर आलं होतं आणि तेव्हा मला ती गोष्ट सुचली, जी बसायच्या आधी सुचायला हवी होती. आदल्या रात्रीपासून माझ्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. मला नुसती उपासाची घेरी आली, तरी इथे ती औषधाचीच ठरणार. मी आडवी झाले की हे लोक हिला सोडणार नाहीत.

डोळ्यांपुढे गज हलायला लागले. मी ओठ चावला. स्तोत्र म्हणू लागले, तर रोजचं पाठ असलेलं, दुसऱ्या ओळीशीच तुटत होतं. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच. मान सरळ ठेवायची, एवढंच. घोट्यातली नाडी माझ्या बोटांना लागत होती, की ती माझीच होती.

"बघा, डोळे जड झाले तिचे," साईराज म्हणाला.

"जड होतील नाहीतर काय?" लतिका पुढे आली. "निर्जळी उपास आहे तिचा. मी स्वतः सकाळपासून दोनदा भिंत धरली. चक्कर आली तर ती उपासाची. उगाच दुसऱ्या कोणावर घालू नका." तिने कोणाकडून तरी पाण्याची बाटली घेतली आणि माझ्या हातात दिली. "पी. देवी काही म्हणणार नाही. आणि म्हणाली तर मी आहे."

मी पाणी प्यायले. अर्धं मागे बायजाला दिलं. लतिकाने ओढणी उघडून माझ्यावर सावली धरली. तिच्यामागून आणखी एक बाई आली आणि काही न बोलता आमच्या शेजारी उभी राहिली. बाकीच्या नाही आल्या.

पोलिसांची गाडी येईपर्यंत माझं डोकं जागेवर आलं होतं. न पडणाऱ्या बाईकडे लोक किती वेळ बघणार? मागचे आधी पांगले. साईराज शेवटी गेला. जाताना म्हणाला, "आमची पोरं आत आहेत, मिस. भीती वाटणारच." मी मान हलवली. मलाही भीती वाटत होती, साईराजची; पण ते सांगण्याएवढा आवाज नव्हता.

फाटक उघडलं. बायजाला आत नेऊन पायरीवर बसवलं, तिच्या कपाळावरच्या जखमेला हळद लावली. सिस्टर सरूला घेऊन खाली आल्या. "जा, आजीकडे जा."

सरू दोन पावलं आली. कपाळावरचं रक्त, हळद, सुटलेले केस तिने बघितले. आणि वळून पुन्हा झग्याआड गेली. सिस्टर तिला पुढे करू लागल्या.

"नका ओढू," बायजा म्हणाली. "भ्याली हाय ती. मला बी आता माझं भ्या वाटतं."

ती पायरीवर सरूकडे पाठ करून बसली, तोंड भिंतीकडे. "मी नाय बघत. तिला बघू दे किती बघायचं तं."

सरू झग्याआडून बघत राहिली. बाहेर रस्त्यावर एक मोटरसायकल चालू झाली तशी आम्ही सगळ्याच दचकलो. बायजाने मागे वळून पाहिलं नाही.