दुखतंय का, एवढंच विचारायचं

"आई, नीट ऐक. 'ते दुएले?' म्हणजे तुला दुखतंय का. तो 'सी' म्हणाला तर दुखतंय, 'नो' म्हणाला तर नाही."

"आणि फार दुखत असेल तर?"

"'मूचो' म्हणेल. एका क्रियापदावर डॉक्टर होणारेस का आता?" फोनवर लेक हसली. कॉलेजात तिने दोन वर्षं स्पॅनिश घेतलं होतं. ते कधी आईच्या ड्युटीत कामी येईल असं कुणाला वाटलं होतं!

फोन ठेवून मोठ्या सिस्टरांनी चिकटपट्टीचा तुकडा फाडला, त्यावर ते शब्द लिहिले आणि मनगटावर घड्याळाशेजारी डकवला. सातव्या खाटेवरच्या खलाशाला त्याच्या जहाजावरची माणसं सकाळी आणून सोडून गेली होती. अपेंडिक्सचा संशय होता, आणि त्याच्या बोलीपुढे अख्खा वॉर्ड मुका. मोठे सर्जन दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकलेले. तोवर दुखणं वाढतंय का, यावर लक्ष ठेवायचं होतं.

नऊ वाजता सिस्टरबाईंनी त्याच्या पोटावर हात ठेवला. "ते दुएले?"

खलाशाचे डोळे विस्फारले. "सी! मूचो!" आणि तो घडाघडा बोलतच सुटला. साडेनऊलाही 'सी'. दहाला 'सी' म्हणताना त्याने बाईंचा हात घट्ट आवळला.

साडेदहाला मात्र तो शांत पडला होता. "नो," म्हणाला, आणि चक्क हसला. "नो दुएले."

"बघा मावशी, या वयात शिकले की नाही!" बाई वॉर्डातल्या मावशींना म्हणाल्या. कागदावर 'वेदना नाही' लिहायला त्यांनी पेन टेकवलं आणि तसंच उचललं. औषध न देता हे दुखणं असं एकाएकी थांबत नसतं. थांबलं तर आत अपेंडिक्स फुटलेलं असतं. नव्या शब्दाच्या कौतुकात त्यांनी इतक्या वर्षांची अक्कल गहाण टाकली होती. त्यांनी तपासलं: नाडी एकशे तीस, पोट फळीसारखं कडक.

बाईंनी शिकाऊ डॉक्टरला बोलावून सगळं सांगितलं. "सिस्टर, तो स्वतःच म्हणतोय ना दुखत नाही? मग सरांना कशाला त्रास?"

"तो म्हणतोय म्हणूनच भीती वाटतेय मला!"

बाई सरळ ऑपरेशन थिएटरकडे निघाल्या. त्या दारातून बोलणी खाल्ल्याशिवाय कुणी परतत नसे, त्यांनीही खाल्ली. पण पंधरा मिनिटांत सर्जन सातव्या खाटेशी आले, पोटाला बोटं लावली आणि म्हणाले, "आत्ताच आत घ्या."

पुढचे तीन तास बाईंचा जीव टांगणीला होता. दुसऱ्या पेशंटांच्या गोळ्या त्या दोनदोनदा तपासत होत्या, कारण स्वतःवरचा भरवसाच उडाला होता. अर्धं मिनिट का होईना, आपण हरखून गेलो होतो, हे मनातून जाईना.

तो वाचला.

चौथ्या दिवशी त्याचं ड्रेसिंग बदलून उठताना बाई खाटेचा गज धरून थांबल्या. खलाशी त्यांच्या सुजलेल्या पायांकडे बघत होता.

"ते दुएले?" त्याने विचारलं.

"नो, नो," बाई हसून म्हणाल्या. तो हसला नाही. हात लांबवून त्याने उशाजवळचं स्टूल त्यांच्यापुढे सरकवलं.

एकतीस वर्षं बाई दिवसातून शंभरदा हे लोकांना विचारत आल्या होत्या. त्यांना कुणी विचारल्याचं आठवेना; नवऱ्याने नाही, लेकीनेही नाही.

"सी," म्हणत त्या स्टुलावर बसल्या. पुढचं सगळं त्यांनी आपल्याच भाषेत सांगितलं, टाचांपासून सुरुवात करून.