चांदीकान

उजेड आधी समोरच्या डोंगराच्या माथ्यावर उतरला आणि तिथेच बराच वेळ थबकला; खाली गावात यावे की न यावे, हे जणू त्याचे ठरत नव्हते. मग तो पाईनच्या शेंड्यांवर आला, फांदीफांदीने सावकाश निथळत राहिला. देवळाच्या घंटेच्या कडेला त्याने पिवळी किनार लावली. पत्र्यांवरचे दंव आधी निळे, मग पांढरे, मग नुसते ओले झाले. अंगणातल्या दगडी पाट्यावर, चुलीशेजारच्या कॉफीच्या निळ्या भांड्यावर, दोरीवर विसरलेल्या एकुलत्या एका मोज्यावर तो एकेक करून टेकला आणि सर्वांत शेवटी एलादिओच्या बुटांच्या टोकांशी येऊन थांबला.

साठ वर्षे एलादिओ हा उजेड पाहत आला होता. पूर्वी तो सोबतीने येई. शेंड्यांवर आला की एका पाखराची शीळ, ओकच्या झाडीत शिरला की दुसऱ्याची. डोळे मिटूनही त्याला सांगता यायचे, ऊन कुठवर आले आहे ते. अलीकडे उजेड एकटाच यायचा. जंगल विरळ होत चालले, दुसरे काय, असे तो मनाशी म्हणे.

पक्षी पाहायला आलेले पाहुणे कॉफीचे पेले दोन्ही हातांत धरून कुडकुडत उभे होते. पुएब्ला शहरातल्या निवृत्त दंतवैद्य अम्पारोबाई, ज्यांनी नवरा गेल्यावर कॅमेरा हाती घेतला. आणि फेर्मिन व त्याची बायको चायो.

"मास्तर, तो लाल पक्षी आज दिसायलाच हवा," फेर्मिन म्हणाला. "ही लेन्स आणली त्या दिवसापासून बायको मला घरात घेईना झालीय."

"पक्षी दिसला तरी घेणार नाही," चायो म्हणाली. "त्या लेन्सलाच जेवायला वाढायला सांग."

लाल पक्षी म्हणजे चांदीकान. मुठीत मावेल एवढा, निखाऱ्यासारखा लाल, आणि दोन्ही कानांवर चांदीचा एकेक ठिपका. या डोंगरांबाहेर तो फारसा कुठे दिसत नाही, आणि या डोंगरांत तो दाखवावा तर एलादिओनेच, असा गेल्या तीस वर्षांचा लौकिक होता. इतर वाटाडे डोळ्यांनी शोधत. एलादिओ कानांनी शोधी. धुक्यातही बोट उचलून तो फांदी सांगे, आणि त्या फांदीवर पक्षी असे.

एर्मिनिया, त्याची बायको, मक्याच्या पानांत उकडलेल्या गरम तमालांची टोपली घेऊन गाडीत चढत होती, तेवढ्यात वाटेने गोया मावशी आली. कपाळावर पट्टा, पाठीवर राळेने माखलेल्या पाईनच्या ढलप्या आणायची रिकामी झोळी, आणि गुडघ्याला फडके गुंडाळलेले.

"काय रे एलादिओ, परत आले का तुझे पक्षी? का अजून रुसलेलेच आहेत?"

"जंगल भरून यायला वेळ लागतो, मावशी."

"वेळ भरपूर आहे रे बाबा. गुडघे नाहीत."

पाहुणे हसले. मावशीही हसली आणि लंगडत पुढे गेली.

"गेल्या आठवड्यात पडली ती," एर्मिनिया म्हणाली. "पलीकडच्या घसरणीवर."

एलादिओने गाडीचे दार जरुरीपेक्षा जोरात लावले.

दोन वर्षांपूर्वी गावसभेत तो उभा राहिला होता. हातात टोपी धरून, खाली मान घालून त्याने सांगितले होते की कोयोतेच्या सोंडेवर, गावाजवळच्या त्या डोंगरधारेवर, आता एकही चांदीकान गात नाही. आपल्या कुऱ्हाडींना भिऊन ते निघून गेले. कोणी वाद घातला नाही. एलादिओचे कान म्हणजे गावाचे कान. हात वर झाले आणि सोंड लाकूडतोडीला बंद झाली. तेव्हापासून चूल पेटवायच्या ढलप्यांसाठी बायका डोंगर ओलांडून पलीकडे जात, दोन तास जायला आणि भारा घेऊन तीन तास यायला. कुरकुर होती, पण मोडता कोणी घातला नाही. सभेचा शब्द तो सभेचा शब्द.

त्याच सुमारास एर्मिनिया त्याच्यासोबत येऊ लागली होती. पूर्वी तीस वर्षांत ती कधी आली नव्हती. पाहुण्यांना गरम खायला मिळावे म्हणून, असे ती म्हणे. चालता चालता मध्येच ती त्याच्या बाहीला हात लावी आणि "दमले रे, जरा टेकू दे," म्हणून एखाद्या दगडावर बसे; आणि नवल असे की ती जिथे बसे तिथेच कुठेतरी पक्षी निघे. हिचा पायगुणच तसा आहे, असे एलादिओ पाहुण्यांना कौतुकाने सांगे.

आजही त्याला गाडी थेट वरच्या खिंडीत न्यायची होती. पण सोंडेच्या तोंडाशी, जिथे वाटेवर सभेने दोर बांधला होता, तिथे अम्पारोबाईंना दरीवरच्या उन्हाचा फोटो हवा झाला. सगळे उतरले. दहा पावले चालले असतील नसतील, तोच बाहीला हात लागला.

"थांब रे म्हाताऱ्या. दमले मी."

"इथे? आत्ता तर उतरलीस!"

"मग? उतरताना दमले. बाईमाणसाने दमायचं कुठे, ते पण सभेला विचारायचं का?"

ती दोराला पाठ टेकून खाली बसली. तिने त्याच्याकडे पाहिले नाही.

"इथे काही मिळायचं नाही," एलादिओ पाहुण्यांना म्हणाला. "इथून ते गेले. वर खिंडीत बघू."

"श्शू," अम्पारोबाईंनी बोट उचलले. तीस वर्षे तो स्वतः उचलत आला होता तसेच. "मग हे कोण गातंय?"

एलादिओने मान कलती केली. पाईनच्या पानांतून जाणारा वारा त्याला ऐकू आला. फेर्मिनच्या जाकिटाची खसखस ऐकू आली. स्वतःचा श्वास ऐकू आला. थंडीने कानांना दडे बसले असतील, असे मनात आणून तो नेहमीसारखा हसला आणि म्हणाला, "लांबचं काहीतरी असेल."

"लांबचं कसलं, मास्तर! समोर तर आहे!"

समोर होता. चार हातांवर, दोराच्या पलीकडे, एका वाळल्या फांदीवर. मागून ऊन आले होते आणि त्याच्या मागची दरी अजून काळोखी होती. त्याने छाती फुगवली, चोच उघडली, गळा थरथरला, आणि चोचीतून वाफेचा एक इवलासा लोळ निघाला. मग दुसरा. मग तिसरा, लांबलेला, शेवटी वळसा घेणारा. वाफ उन्हात क्षणभर सोनेरी होई आणि विरे. कॅमेरे खटखटत होते. ते त्याला स्वच्छ ऐकू येत होते. चांदीकान गात होता, हे त्याला दिसत होते.

सोंडेवर आणखी वर चायोने दुसरा दाखवला. मग तिसरा.

तो एर्मिनियाशेजारी जाऊन बसला. दोन वर्षांतले सगळे दगड त्याच्या डोळ्यांपुढून गेले, जिथे जिथे ती दमली होती ते सगळे.

"कधीपासून माहीत होतं?"

"तू सभेत बोललास, त्याच्या आधीच्या महिन्यापासून. सकाळी अंगणात चांदीकान तुझ्या डोक्यावरच्या फांदीवर बसून गात होता आणि तू मला म्हणालास, आज कसं सामसूम आहे."

"मग सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तू कुठे गेला असतास?" तिने टोपलीवरचे फडके नीट केले. "आज गोयाचा गुडघा बघितला आणि राहवलं नाही."

पलीकडून फेर्मिन ओरडला, "मास्तर, ही वाफ बघा! फोटोत गाणं आलंय, गाणं!"

"बघितली," एलादिओ म्हणाला.

दुपारी परतताना त्याने गोया मावशीच्या कुंपणाशी गाडी थांबवली. पाहुणे मागे पेंगत होते. मावशी पायरीवर पाय लांब करून बसली होती, ढलप्यांच्या जुड्या बांधत. शनिवारी गावसभा होती. तिथे हे सांगावेच लागणार होते. पण आधी इथे, असे त्याला वाटले. त्याने टोपी काढली. टोपीखालच्या त्याच्या पांढऱ्या केसांवर तेच सकाळचे ऊन आता उभे पडले होते.

"काय रे?" मावशी म्हणाली. "पाणी देऊ? असा का उभा?"

"मावशी, शनिवारपासून सोंड मोकळी करायला सांगतो. तू पलीकडे जाऊ नकोस आता."

"का? आले वाटतं परत?"

एलादिओने गाडीकडे पाहिले. एर्मिनिया काचेतून दुसरीकडे पाहत होती.

"परत नाही आले," तो म्हणाला. "ते गेलेच नव्हते. मला ऐकू येत नाही."