पुढच्या रांगेतली बसराई

उमेळ्यात रामनाथच्या वाडीत वेलची जातीच्या साठ केळी होत्या. पावसाळा सरला तेव्हा एकेचाळीस उरल्या, थंडीत एकोणीस. खालची पानं पिवळी पडायची, देठात मोडून बुंध्याभोवती लोंबायची आणि खोड आडवं कापलं की आत तपकिरी ठिपके. मर रोग. बांधापलीकडे चुलतभाऊ दिनानाथची बसराई केळ मात्र हिरवीगार.

स्वतःच्या मेलेल्या केळींपेक्षा रामनाथला दिनानाथच्या जिवंत केळींचं दुःख जास्त होतं. हे त्याची बायको बायजा हिचं मत, आणि तिने चाळीस वर्षं त्याला जवळून पाहिलंय. पूर्वी तो बसराईला नावं ठेवायचा. पाणचट, म्हणायचा, पाहुण्यांना देण्यासारखी नाही. आता रोज सकाळी बांधावर उभा राहून तिचेच घड मोजायचा.

शेवटी एका दुपारी, दिनानाथ सातिवलीच्या कारखान्यात ड्युटीवर असताना, रामनाथने रोगट खोडांचे तुकडे पाटीत भरले, बांध ओलांडला आणि पुढच्या रांगेतल्या बाराही केळींच्या मुळाशी पुरले. एकही सुटली नाही. कष्टाळू माणूस. मग तीन महिने वाट पाहिली. बाराही निसवल्या, प्रत्येकीतून घड बाहेर पडला.

त्याची सून रीमा बोळिंजला राहायची आणि कॉलेजात याच रोगावर पीएच.डी. करत होती. दोन्ही वाड्यांतली मुळं तपास, असा रामनाथने तिच्यामागे धोशा लावला. सासऱ्यांना आपल्या कामात रस वाटतोय म्हणून बिचारी खूश झाली.

निकाल सांगायला ती आली तेव्हा तिने दिनानाथलाही अंगणात बोलावून घेतलं. मर रोगाची बुरशी दोन्हीकडे आहे, ती म्हणाली. रामनाथने बायजाला सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितला आणि दिनानाथच्या पाठीवर हात ठेवला. फार वाईट झालं, म्हणाला.

तो हात तिथेच असताना रीमा पुढचं सांगू लागली. बुरशीला दात नसतात. ती एन्झाइम सोडते. मुळातल्या पेशी एकमेकींना ज्या खळीने चिकटलेल्या असतात ती खळ त्याने विरघळते, भिंती सैल पडतात, बुरशी आत शिरते. वेलचीवर आणि बसराईवर हल्ला तोच, एन्झाइमही तीच. फरक पुढे आहे. भिंत कुरतडली की तिचे बारीक कण सुटतात, आणि त्या कणांवरूनच झाडाला कळतं की कुणीतरी आत येतंय. बसराईला लगेच कळतं. ती पाणी वाहणाऱ्या नळ्यांत तिथल्या तिथे बूच मारते, आजूबाजूच्या भिंती टणक करते. वेलचीला जाग येईपर्यंत बुरशी वर पोचलेली असते.

रामनाथने हात काढून घेतला.

"एक गोष्ट मला कळत नाही, बाबा," रीमा म्हणाली. "काकांच्या पुढच्या रांगेतच बुरशी एवढी कशी? आणून ओतल्यासारखी. तरी एक पान पिवळं नाही. लॅबमध्ये मुद्दाम करतो ना आम्ही, तशी चाचणी झालीय ही."

रामनाथ म्हणाला, पाण्याबरोबर आली असेल. पाणी तर दिनानाथकडून रामनाथच्या वाडीकडे उतरतं. दिनानाथने चहा संपवला, कप बायजाच्या हातात दिला.

"दादा, अजून तुकडे उरले असतील तर मागच्या रांगेत पूर," तो म्हणाला. "पुढच्या पास झाल्या."

रीमा सासऱ्यांकडे पाहत राहिली. बायजाने पाहिलंही नाही.

वेलची त्या जमिनीत आता पुन्हा लावता येणार नव्हती. लावायची तर बसराईच, आणि बसराईचे मुनवे, बुंध्याशी फुटणारे कोंब, दिनानाथकडे. रामनाथ आठ दिवस मागायला जाईना. नवव्या दिवशी बायजा स्वतः बांध ओलांडून गेली आणि वीस मुनवे घेऊन आली. दिनानाथने ते पुढच्या रांगेतलेच काढून दिले होते, निवडून.

बायजाने लावले, रामनाथ पाणी घालतो. रोज सकाळी वाकून एकेक पान उलटून बघतो, पिवळं पडलंय का. पडलं तर वाडी गेली, न पडलं तर दिनानाथ खरा. परवा एका पानावर पिवळा ठिपका दिसला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते बायजाने पाहिलं. बोटाने पुसल्यावर तो ठिपका निघाला.