गोजरबाईच्या खतातला जिवाणू

मित्रांनो, मी एक जुना जिवाणू आहे. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आजवर माझी कुणी विचारपूस केली नाही. बजाजनगरातल्या एका सोसायटीमागे खताचा ढीग आहे, तिथे मी राहतो. पालापाचोळा कुजवताना आम्ही तो ढीग असा तापवायचो की आत हात घातला तर चटकाच बसावा. त्या धगीत इतर जिवाणू मरतात. आमच्या पेशीत मात्र तापाने विस्कटलेले भाग पुन्हा नीट बसवून देणारे मदतनीस असतात. त्याचा मला तेव्हा फार तोरा होता.

ढीग सांभाळायची पिशोर गावची गोजरबाई. ती लोखंडी सळई ढिगात खुपसून ठेवायची आणि जरा वेळाने उपसून मुठीत धरायची. सळई धरवली नाही की म्हातारी खूश. "जितं हाय माझं खत," म्हणायची. सोसायटीवाले या खतावर फुललेल्या गुलाबांचं कौतुक करायचे आणि ढिगाजवळून जाताना नाक दाबायचे.

यंदा मे महिन्यात आठ दिवस नळाला पाणी आलं नाही. ढीग कोरडा पडला. गोजरबाईची लेक मेघा कंपनीत जाता जाता पाण्याची बाटली देऊन गेली.

"माय, हे तुला प्यायला हाय. खताला घालू नको."

"व्हय गं, जा तू."

मेघा दिसेनाशी झाल्यावर गोजरबाईने सळई उपसली. ती जराही तापलेली नव्हती. "पाण्याबिगर मरतंय की हे," म्हणत तिने सगळी बाटली आमच्यावर ओतली आणि भर उन्हात फावड्याने ढीग पालथा करत राहिली.

मित्रांनो, आम्ही मरत नव्हतो. पाणी संपलं की आम्ही अंगाभोवती टणक कवच करून घेतो आणि वर्षानुवर्षं निजून राहतो. माझं कवच तर अर्धं झालंही होतं. मला वाचा असती तर ओरडून सांगितलं असतं.

मेघा परतली तेव्हा गोजरबाई ढिगाला टेकून बसली होती. अंग भाजत होतं, हाकेला ओ नव्हती. मेघाने रिकामी बाटली उचलली.

"खतालाच घातलंस ना गं, माय," एवढंच ती म्हणाली.

दवाखान्यात नेलेली गोजरबाई परत आली नाही. ढिगाकडे आता कुणी फिरकत नाही. मी कवचात सुखरूप आहे, आणि या सुखरूप असण्याची मला लाज वाटते.

मित्रांनो, उन्हात राबणाऱ्या माणसाला कवच नसतं. त्याच्या हाती पाणी देऊन निघून जाऊ नका. तो पिईपर्यंत तिथेच उभे राहा.