पेंटरकाकांची साक्ष

अरे, मी स्वतः कोर्टात होते म्हणून सांगते. अजून अंगावर काटा येतो.

आमच्या वर्गातली ती मुलगी, आम्ही तिला टाचणीच म्हणतो. हाडं मोजून घ्यावीत इतकी बारीक, पण टोचली की टोचली. आमच्या सरकारी शाळेत गेल्या वर्षी प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर देवाची वचनं रंगवली. एकाच धर्माची, भिंतभर. टाचणी म्हणाली, शाळा सगळ्यांची आहे, हे चालणार नाही. आणि सरळ केस केली. वय कमी, म्हणून अर्जावर आईची सही. आता गंमत बघ, ती वचनं रंगवली कोणी? तिच्याच बाबांनी. दुकानांच्या पाट्या रंगवतात ना, ते पेंटरकाका. माणूस इतका श्रद्धाळू की ते काम रोज आंघोळ करून, उपाशीपोटी केलेलं. केस झाल्या दिवसापासून त्यांनी लेकीशी बोलणंच टाकलं. पाच महिने! मीठ हवं असलं तरी आईला म्हणायचे, तिला सांग मीठ दे. आणि ती समोरच बसलेली.

शाळेच्या वकिलांचं एकच पालुपद, ज्याला नको त्याने वाचू नये. आणि साक्षीला त्यांनी बोलावलं कोणाला, तर काकांनाच. बापच विरुद्ध उभा राहिला की संपलं ना सगळं. टाचणीने माझा हात असा धरला होता की नखं उमटली.

काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे. श्रद्धा आहे? आहे. पोरीचं पटतं? अजिबात नाही. वकील खूश. मग हसत हसत म्हणाले, दुर्लक्ष करता येतंच की, साधी भिंतीवरची अक्षरं तर आहेत.

साधी! काकांची कानशिलं लाल झाली.

"साहेब, एकतीस वर्षं हाच धंदा करतोय. हेडसर म्हणाले, मान वर केली की दिसलं पाहिजे. म्हणून पिवळ्यावर काळं काढलं. शेवटचा बाक किती लांब, ते पावलांनी मोजून अक्षराची उंची धरली. त्या वर्गात बसून ते न वाचणारं पोर अजून जन्माला यायचंय."

जजबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, परत सांगा, सावकाश, लिहून घेते. काकांनी टाचणीकडे एकदा बघितलं आणि शब्द न् शब्द परत सांगितला. त्यांना कळत होतं रे, आपण कोणाची केस जिंकून देतोय ते! तरी काही मागे घेतलं नाही. उंचीने माझ्या खांद्याला लागतात ते, पण त्या दिवशी मला मान वर करून बघावंसं वाटलं.

निकाल लागला, अक्षरं काढा. हेडसर दुसरा पेंटर आणणार होते. काका म्हणाले, माझं काम आहे, हात मीच लावणार. सुट्टीच्या दिवशी आम्ही मैत्रिणींनी आमच्या वर्गातले बाक सरकवून दिले. शिडीवर चढून त्यांनी पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. घरी अबोला तसाच होता, म्हणून टाचणी दाराशीच उभी.

मग मागे न वळता काका म्हणाले, "शेवटच्या बाकावर बसून बघ गं, काही दिसतंय का."

टाचणी सोडून आम्ही पाचजणी होतो, पण एकीनेही पाऊल उचललं नाही. टाचणी गेली, बसली, डोळे बारीक करून कितीतरी वेळ बघत राहिली.

"डावीकडे, बाबा. अजून वाचता येतंय."

काकांनी ब्रश परत डब्यात बुडवला.